डॉक्टरांनी केसांबद्दल विचारलं तो दिवस

माझं नाव मार्था. श्रीरामपुरात स्टँडपासून पाच मिनिटांवर, एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं ब्युटी पार्लर होतं. चौदा वर्षं चालवलं. नवऱ्या सजवल्या, शाळेतल्या बाईंच्या भुवया केल्या, आमच्या चर्चमधल्या निम्म्या बायकांचे केस कापले. आता ते बंद आहे.

किडनीच्या आजारातून उठून मला आठ महिने झाले. पूर्ण बरी झाले असं डॉक्टर म्हणत नाहीत, त्यामुळे मीही म्हणत नाही. जेवणात मीठ मोजून, महिन्याला रक्त तपासून, दुखण्याची साधी गोळीही विचारल्याशिवाय न घेता दिवस चाललेत. हे लिहायला बसले, कारण दवाखान्यात असताना मला असं काहीतरी वाचायला हवं होतं आणि ते कुठेच मिळालं नाही. दुसरं कारण कोमल आहे. तिचं नाव मी बदललंय. बाकी काही बदललेलं नाही.

*

केस सरळ करायची क्रीमं पूर्वीही यायची. त्यांत फॉर्मलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइड, असायचं. इस्त्री फिरवली की धूर व्हायचा, डोळ्यांतून पाणी वाहायचं, गिऱ्हाईक आणि मी दोघी खोकायचो. मग त्यावर बोंबाबोंब झाली आणि नवीन क्रीम आलं. वास नाही, धूर कमी, बाटलीवर हिरव्या अक्षरांत ‘फॉर्मल्डिहाइड फ्री’. माल आणून देणारा माणूस म्हणाला, “मॅडम, हे लहान मुलीला लावलं तरी चालेल.” बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत काय काय आहे ते लिहिलेलं होतं. मी कधी वाचलं नाही. वाचलं असतं तरी ग्लायऑक्सिलिक ॲसिड म्हणजे काय, हे मला कुठे कळणार होतं?

एप्रिलच्या शेवटी माझ्या पुतण्याचं लग्न होतं. माझे केस जन्माचे कुरळे. दुसऱ्यांचे सरळ करण्यात माझे तसेच राहिले होते. शनिवारी दुपारी पार्लरचं दार आतून लावून घेतलं आणि माझी मुलगी रिबेका हिला बोलावलं. तिची बारावीची परीक्षा होऊन ती घरीच होती. मागचे केस माझे मला दिसत नव्हते, म्हणून तिनं हातमोजे घालून क्रीम लावलं. मुळापर्यंत लाव, असं मीच सांगत होते.

“मम्मी, चुरचुरतंय का?”

“थोडं. चालायचंच.”

डोक्याची कातडी भाजत होती. तासभर ठेवून धुतलं, वाळवलं आणि मग इस्त्री. आरशात पाहिलं तर केस पाण्यासारखे खाली उतरलेले. रिबेका म्हणाली, “आता माझेपण कर ना.” बाटली संपली होती. पुढच्या आठवड्यात नवीन येणार होती. त्या रिकाम्या बाटलीसाठी मी आजही देवाचे आभार मानते.

*

त्याच संध्याकाळी मळमळायला लागलं. रविवारी उपासनेत उभी राहिले आणि कमरेच्या वर, दोन्ही बाजूंनी, कुणी मुठीनं दाबून धरावं असं दुखायला लागलं. घरी येऊन उलट्या. ऊन चाळीसच्या वर होतं, सगळ्यांनी उन्हावर टाकलं. जवळच्या डॉक्टरांनी पित्ताची आणि दुखण्याची अशी दोन इंजेक्शनं दिली. त्यांना तरी काय दोष देऊ? ते म्हणाले, काही वेगळं खाल्लंत का? मी म्हटलं नाही. आणि ते खरंच होतं.

सोमवारी माझ्या लक्षात आलं की मी सकाळपासून लघवीलाच गेलेले नाही. घाम जातोय म्हणून असेल, असं म्हणून आणखी पाणी प्यायले. मंगळवारी लग्नाला गेले. चेहरा सुजला होता, बोटातली अंगठी निघत नव्हती. जाऊबाई म्हणाल्या, “मार्था, केस काय सुंदर दिसतायत गं. पण तोंड का असं?” मी हसले आणि मंडपाच्या मागे जाऊन ओकले.

माझे मिस्टर विजय एसटीत कंडक्टर आहेत. बुधवारी सकाळी त्यांनी मला न विचारता रजा टाकली आणि रक्त तपासायला नेलं. दुपारी लॅबवाल्यानं फोन केला, रिपोर्ट न्यायला या असं न म्हणता त्यानं विचारलं, “पेशंट शुद्धीवर आहेत ना?” त्या एका वाक्यावर विजयनी गाडी ठरवली. संध्याकाळच्या आत आम्ही नगरला होतो.

*

नगरच्या त्या दवाखान्यात किडनीच्या मॅडम होत्या. वयानं माझ्याहून लहान, बोलणं तुटक. त्यांनी आधी विजयना बाहेर पाठवलं. मग खुर्ची माझ्या कॉटजवळ ओढली.

“घरात काही भांडण?”

“नाही.”

“खरं सांगा. मी पोलीस नाही. काही प्यायलात का? रागाच्या भरात, काहीही?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर रडू आलं. पुतण्याचं लग्न तोंडावर असताना मी कशाला काही पिऊ? त्यांनी शांतपणे पुढचे प्रश्न विचारले. काढा? जडीबुटीवाल्याची पूड? वजन कमी करायचं काही? मुतखडा? सगळ्याला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांचा विश्वास बसलेला नाही.

त्याच दिवशी माझ्या गळ्याजवळच्या शिरेत नळी घातली आणि डायलिसिस सुरू केलं. दोन दिवसांनी पालथं झोपवून पाठीतून सुईनं किडनीचा एवढासा तुकडा काढला. दुखलं त्यापेक्षा आवाजच जास्त आठवतो, पिना मारायच्या स्टेपलरसारखा.

तो रिपोर्ट घेऊन मॅडम आल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. त्या उभ्या राहून माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग एकदम म्हणाल्या, “केस छान आहेत तुमचे. कधी केलेत?”

दवाखान्यात आल्यापासून माझ्याशी कुणी आजाराशिवाय दुसरं बोललं नव्हतं. मला बरं वाटलं. “मागच्या शनिवारी. मी स्वतःच करते मॅडम, पार्लर आहे माझं.”

“उलट्या कधी सुरू झाल्या?”

“शनिवारीच. संध्याकाळी.”

त्या कॉटवर बसल्या. त्यांनी क्रीमचं नाव विचारलं, विजयना सांगून रिबेकाकडून बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला, मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग साध्या भाषेत सांगितलं. क्रीममधल्या त्या ॲसिडला इस्त्रीची ऊब मिळते, डोक्याच्या कातडीतून ते रक्तात उतरतं, आणि किडनीत जाऊन त्याचे बारीक बारीक खडे होतात. सगळ्यांना होत नाही. कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. “विष प्यायल्यावर जसे खडे दिसतात ना, अगदी तसेच,” त्या म्हणाल्या. “किडन्या अशा एकाएकी बंद पडल्या की आधी तोच संशय येतो, म्हणून मी तुम्हाला तसं विचारलं. माफ करा.”

मी त्यांची माफी ऐकलीच नाही. मला कोमल आठवली होती.

*

कोमल नेवाशाच्या रस्त्यावरच्या एका गावातली. वडिलांची पिठाची गिरणी, आई माझ्या मोठ्या बहिणीच्या वर्गातली, पण गिऱ्हाईक म्हणून मी तिला मावशीच म्हणायची. जानेवारीत साखरपुडा ठरला तेव्हा ती केस सरळ करायला माझ्याकडे आली. एकोणीस वर्षांची, कमरेपर्यंत दाट केस, बोलकी. क्रीम मुरेपर्यंत मला होणाऱ्या नवऱ्याचे फोटो दाखवत होती. मुलगा पारनेर तालुक्यातला, दुधाच्या डेअरीवर सुपरवायझर.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. “मार्थाताई, पोरगी वकतीया. पाठीत लई दुखतंय म्हनती. त्या मलमानं तर न्हाई ना झालं?”

मी म्हटलं, “केसांना लावलेलं पोटात कसं जाईल मावशी? लिंबूपाणी द्या.”

चार-पाच दिवसांत तिला बरं वाटलं. मार्चमध्ये मुळाशी कुरळे केस उगवायला लागले, लग्न मे महिन्यात होतं. आई म्हणाली, मागच्या वेळी त्रास झाला होता, राहू द्या. मी म्हटलं, या हो, एवढ्याचे पैसेसुद्धा घेणार नाही, मावशी. मला तिच्या लग्नाच्या फोटोत माझं काम नीट दिसायला हवं होतं.

या वेळी तिसऱ्या दिवशी फोन आला तो दवाखान्यातून. आई घाबरलेली होती. “डाक्टर इचारत्यात, आंगाला, डोक्याला काय काय लावलं व्हतं. काय सांगू?”

मी पार्लरमध्ये होते. समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी बाहेर जिन्यात गेले आणि म्हणाले, “साधं कंडिशनर सांगा. त्यात औषध-बिषध काही नसतं. उगाच माझं नाव कशाला?”

हे वाक्य मी बोलले. आजारपणाबद्दल लिहिताना दुखणं, सुया, उलट्या लिहिणं सोपं जातं. हे लिहायला मला आठ महिने लागले.

पुढचं मी लोकांकडून ऐकलं. कोमलच्या किडन्या बंद पडल्या. डॉक्टरांनी विचारलं, काही प्यायली का. पोलिसांनी जबाब घेतला. गावात बातमी झाली की गिरणीवाल्याच्या पोरीला लग्न करायचं नव्हतं, तिनं विष घेतलं. कुणी म्हणालं दुसरीकडे कुठेतरी होतं तिचं. लग्न मोडलं. मला वाईट वाटलं होतं. तिच्या हळदीसाठी आणलेली मेकअपची किटं परत ठेवताना मी असंही म्हटलं होतं, “हल्लीच्या पोरींचं काही कळत नाही बाई.”

*

डायलिसिसच्या खोलीत सात मशीनं होती. शेजारच्या कॉटवर श्रीगोंद्याचे एक काका असायचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आठवड्यातून तीनदा, कायमचे. पहिल्या दिवशी मी तहानेनं रडत होते. दिवसभराचं पाणी मोजून एवढंसं, आणि बाहेर कडक उन्हाळा. काका म्हणाले, “ताई, बर्फाचा खडा गालात धरा. चावायचा न्हाई, गिळायचा न्हाई. नुसता हाय म्हणून धरायचा.” सिस्टरनं खडा आणून दिला. त्यापेक्षा गोड वस्तू मी आयुष्यात तोंडात धरलेली नाही.

चार तास मशीनला बांधलेलं असायचं. आपलं रक्त नळीतून बाहेर जाताना दिसतं आणि ते गार होऊन परत येतं. अंगात हुडहुडी भरायची. मी छताकडे बघत मनात एकेक नाव घ्यायची. कुणाकुणाच्या डोक्याला मी ते लावलं होतं? डायरीत सगळी नावं होती. त्यातल्या कुणाला डोकेदुखी झाली होती, कुणाला मळमळ, आणि मी प्रत्येकीला लिंबूपाणी सांगितलं होतं.

घरी रिबेका जेवत नव्हती. विजयनी तिला भेटायला आणलं तर ती दारातच उभी राहिली.

“मीच लावलं होतं ना मम्मी.”

“मी लाव म्हटलं म्हणून लावलंस.”

“पण हात माझे होते.”

मी स्वतःला तेच म्हणत होते. मी तिला जवळ बोलावून वेणी घालायला लावली. ते सरळ केस तिनं तीनदा विंचरले आणि मग म्हणाली, “कापू का हे?” सिस्टरकडून कात्री आणली. खांद्याच्या वर कापले. कचऱ्याच्या पिशवीत टाकताना तिनं हातमोजे मागून घेतले.

चौदाव्या दिवशी लघवी व्हायला लागली. हसू येईल, पण विजयनी ती मोजायच्या भांड्यातली रेघ बघून चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला होता. मॅडम म्हणाल्या, आता डायलिसिस थांबवून बघू. मी शेवटचं मशीन सोडून उठले तेव्हा काका झोपेत आहेत असं वाटलं. दारापाशी पोचले तर मागून आवाज आला, “जावा ताई. परत दिसू नका हितं.”

*

घरी आल्यावर माल देणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, कुणाचीच तक्रार नाही. तुमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, त्यानं खडे झाले असतील.” मी रिपोर्टचं नाव काढल्यावर त्यानं माझा नंबर ब्लॉक केला.

मग मी डायरी काढून एकेकीला फोन लावायला सुरुवात केली. सांगायची एवढंच, की हे क्रीम पुन्हा कुठेही लावू नका, आणि लावल्यावर कधी उलट्या, पाठदुखी, लघवी कमी असं झालं असेल तर रक्त तपासा आणि डॉक्टरांना केसांचं सांगा, ते आपणहून विचारणार नाहीत. काहींनी आभार मानले. काही ओरडल्या. एक जण सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “म्हणजे माझी शुक्रवारची वेळ रद्द का?”

कोमलच्या घरी जायचं म्हटल्यावर विजय उठून उभे राहिले. “तिथं पोलिसांत कागद झालेले आहेत. तू जाऊन सांगणार, मीच केलं म्हणून? रिबेकाचं कॉलेज आहे पुढे. प्रार्थना कर, माफी माग देवाकडे. घरात बसून माग.”

“विष घेतलं म्हणून देवाची बदनामी झालेली नाही, कोमलची झालीय,” मी म्हटलं. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, इतकं वाईट मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या रिपोर्टच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि टेबलावर ठेवल्या. सोबत मात्र आले नाहीत.

*

जुलै होता. गिरणी चालू होती. कोमलचे वडील पिठानं पांढरे झालेले, मला बघून त्यांनी पट्टा थांबवला. आई आतून आली. कोमल खिडकीपाशी बसून धान्य निवडत होती. चेहरा पिवळट, केस मानेपर्यंत कसेतरी कापलेले. तिचं डायलिसिस सुटलं होतं, पण रक्तातला किडनीचा आकडा हवा तितका खाली यायला तयार नव्हता, हे मला नंतर कळलं. दोन वेळा लावलं होतं मी तिला.

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं.

“तिनं काही प्यायलेलं नव्हतं,” मी म्हणाले. “मी तिच्या डोक्याला जे लावलं त्यानं झालं. मलाही त्यानंच झालं, हे माझे कागद. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मावशींना खोटं सांगायला मीच लावलं.”

गिरणी बंद झाल्यामुळे फार शांत होतं. “म्या सांगितलं तुमच्या शब्दावर,” आई म्हणाली. “कंडिशनर म्हनून सांगितलं. मलाच डाक्टरनं इचारलं व्हतं.”

वडील माझ्याकडे बघत नव्हते. हातावरचं पीठ पुसत, सावकाश, स्वतःशीच बोलावं तसे बोलले. “दवाखान्यातून आनल्यावर मारलं तिला म्या. पट्ट्यानं. न्हाई म्हनत व्हती, देवाची आन घेत व्हती. म्हटलं, डाक्टर खोटं बोलत्यात व्हय? तवापासून बोललो न्हाई तिच्याशी.”

कोमल सूप बाजूला ठेवून उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आईनं पहिल्यांदा फोन केला होता तुम्हाला. जानेवारीत.”

“हो.”

“मग दुसऱ्यांदा का बोलावलं?”

येताना एसटीत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तिला सांगण्यासारखं नव्हतं. तिनं मान वळवली.

“पारनेरला मुलाच्या घरी जाऊन सांगेन मी,” मी वडिलांना म्हणाले. “गावात सांगेन. पोलिसांत लिहून देईन.” पुढे या तिन्ही गोष्टी केल्या. पारनेरच्या लोकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पोरीचा दोष नव्हता हे समजलं, पण आमच्या मुलाचं आता दुसरीकडे ठरलंय, आणि किडनीचं दुखणं ते दुखणंच. पोलिसांनी माझा जबाब घेतला, बाटलीही घेतली. अजून काही कळवलेलं नाही.

त्या दिवशी वडिलांनी माझ्या हातातून कागद घेतले. उलटसुलट करून पाहिले. सगळं इंग्रजीत. दाराच्या चौकटीला धरून, खाली बघतच, ते म्हणाले,

“कोमल. ह्ये वाच बरं, काय लिव्हलंय.”

ती जागची हलली नाही. मग कोमल आली, कागद घेतले आणि उजेडाकडे तोंड करून वाचायला लागली. अवघड शब्दांना अडखळत, तोडून तोडून, मध्ये मध्ये मराठीत सांगत. जिथे केसांच्या क्रीमचं नाव होतं तिथे तिनं बोट ठेवलं.

वाचून झालं तेव्हा वडील म्हणाले, “परत वाच. पयल्यापासून.”

मी चपला घातल्या. मला कुणी थांबा म्हटलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. मी रस्त्याला लागले तरी तिचा आवाज मागून येत होता.